‘मामा, समोर काय हाय?’

“अज्जा, ही बघा तुमची गाठ,” म्हणत डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर पेनाचं टोक ठेवलं. काळ्या-करड्या चित्रात मेंदूच्या डाव्या बाजूला एक पांढरा गोळा होता, लिंबाएवढा. “याला मेनिंजिओमा म्हणतात. मेंदूच्या वरच्या आवरणातून वाढणारी गाठ. बहुतेक वेळा कॅन्सरची नसते. पण तुमची मोठी झालीय, मेंदूला दाबतेय. काढावी लागेल.”

बेळगावच्या त्या खोलीत माझा मुलगा खुर्चीचा हात घट्ट धरून बसला होता. मला मात्र भीतीच्या आधी दुसरंच काही आठवलं. हा शब्द मी पूर्वी ऐकला होता. नऊ वर्षांपूर्वी आमच्याच वाडीतल्या एका बाईच्या कागदावर तो होता. त्या बाईची नजर गेली. ती का गेली हे फक्त दोन माणसांना ठाऊक होतं. एक वारला. दुसरा मी.

ते आता लिहून टाकतो. वय चौऱ्याहत्तर, उजव्या हाताचं अक्षर अजून तिरकं पडतं. पण लिहायला बसलो तेव्हापासून अशी घाई लागली आहे की चहा दोनदा गार झाला. ज्यांच्या घरात असा कागद आला असेल त्यांच्यासाठी लिहितो आहे, आणि त्या बाईच्या नावासाठी.

आमची वाडी जोयडा तालुक्यात, कुंभारवाडा गावाहून आत, रानात आहे. बारा घरं, भाताची खाचरं, परड्यात कणगं आणि मुडलीचे कंद. मी या वाडीचा बुदवंत, म्हणजे पहिला मानकरी. शिगम्याला, म्हणजे होळीच्या सणात, देवळासमोरच्या सारवलेल्या अंगणात, त्याला आम्ही मांड म्हणतो, गाऱ्हाणं घालायचं काम माझं. देवांची नावं ओळीने घ्यायची, गावाचं सुखदुःख मोठ्याने सांगायचं, आणि प्रत्येक वाक्याला लोकांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. चाळीस वर्षं मी ते तोंडपाठ म्हणत आलो.

एका शिगम्याला चौथ्या देवाच्या नावावर अडकलो. देव डोळ्यांसमोर उभा, नाव काही येईना. मागून कुणीतरी म्हणालं, “बुदवंतानं सकाळीच घेतली वाटतं!” लोक हसले, मीही हसलो. पंधरा दिवसांनी हातातला कोयता आपोआप गळून पडला. मग एका सकाळी उजवा हात पाण्याबाहेरच्या माशासारखा उडायला लागला आणि मी अंगणात कोसळलो. याला फिट म्हणतात. जोयड्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, “बेळगावला जा. आजच.”

शब्द विसरणं, हातातली वस्तू पडणं, सकाळी डोकं दुखून उलटी होणं, याला म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका. मी महिनाभर सोडून दिलं होतं.

ऑपरेशनला क्रॅनिऑटॉमी म्हणतात. कवटीला एक खिडकी पाडायची, आतली गाठ काढायची आणि तोच तुकडा बारक्या पट्ट्यांनी परत बसवायचा. “कलिंगड पिकलंय का बघायला चौकोन कापतात तसं,” मी म्हणालो. “तसंच,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “फक्त आम्ही चव बघत नाही.”

शुद्धीवर आलो तेव्हा त्यांनी मनगटावरचं घड्याळ दाखवून विचारलं, “हे काय?”

मी ठणठणीत आवाजात सांगितलं, “भात.”

मुलाचं तोंड उतरलं. डॉक्टरीणबाईंनी त्याला समजावलं, “हा अफेजिया. माणसाला सगळं कळतं, पण नेमका शब्द सापडत नाही. शब्द मेलेले नाहीत, त्यांची वाट बंद झालीय. सूज उतरेल. रोज बोलतील तर नवी वाट पडेल. पाठ असलेलं आधी परत येतं. घरी गेल्यावर यांना गप्प बसू देऊ नका.”

काढलेल्या गाठीचा रिपोर्ट सहाव्या दिवशी आला. साधी गाठ, कॅन्सर नाही! मुलगा व्हरांड्यात जाऊन रडला. मला रडायचं होतं, पण तोंडातून ‘भात, भात’ निघालं आणि शेजारच्या खाटेवरचा माणूससुद्धा हसला.

घरी सोडायच्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टर आल्या. “अज्जा, कुंभारवाड्याकडचे ना तुम्ही? मग तर सोपं झालं. डोक्याचं ऑपरेशन झालेल्यांचा आमचा एक गट आहे. रविवारी दुपारी सगळे फोनवर एकत्र बोलतात. नव्या माणसाला जुना माणूस जोडून देतो. तुमच्या बाजूची एक बाई आमची सगळ्यात जुनी. शेवंताक्का. ती येईल तुमच्याकडे.”

माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. सिस्टरांना वाटलं, अफेजिया.

शेवंता माझ्या चुलतभावाची सून. मला मामा म्हणते. तिचा नवरा नागेश आमच्या मांडावरचा मुख्य ढोलकरी. नऊ वर्षांपूर्वी शिगम्याच्या तोंडावर तिचं डोकं दुखायला लागलं, उलट्या व्हायच्या, दिव्याभोवती धुकं दिसतं म्हणायची. आमच्याकडे पहिलं गाऱ्हाणं झालं की पाच दिवस मानकऱ्यांच्या घरातल्या कुणी गावाची शीव ओलांडायची नाही. ओलांडली तर मांड मोडतो. पहिल्याच दिवशी नागेश माझ्याकडे आला. “काका, हिला बेळगावला न्यायला पायजे. देवाला इचारा.”

देवाला विचारणं म्हणजे कौल. पाषाणाच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आत आम्ही दोघंच होतो, मी आणि म्हातारा गुरव. मी विचारलं आणि हात जोडायच्या आत उजवी पाकळी पडली.

मी बाहेर आलो आणि म्हणालो, “देव डावा बोलला. शिगमा झाल्यावर न्या.”

का? आदल्या वर्षी शेजारच्या वाडीवाल्यांनी आमच्या ढोलाला ‘भिजलेलं सूप’ म्हटलं होतं. नागेश गेला असता तर ढोल उभाच राहिला नसता. एवढंच कारण. याहून मोठं कारण मी नऊ वर्षं शोधलं, सापडलं नाही. गुरव माझ्याकडे बघत राहिला, बोलला नाही. बुदवंतापुढे कोण बोलणार?

सहाव्या दिवशी तिला नेलं. गाठ निघाली, जीव वाचला. पण पॅपिलेडिमा झाला होता. म्हणजे डोक्यातला दाब वाढून डोळ्यांमागच्या नसेला सूज येते आणि नस सुकते. उजवा डोळा पूर्ण गेला. डाव्याला फक्त उजेड आणि सावल्या. तिथले डॉक्टर नागेशला म्हणाले, “पाच दिवस आधी आणली असती तर नजर राहिली असती.”

लोक विचारायला लागले, देवाने का अडवलं? तेव्हा मी आणखी एक पाप केलं. म्हणालो, “त्या घरात काहीतरी विटाळ झाला असेल.” मग ते वाक्य वाडीत पसरलं. तिच्या सासूने तिला घरातल्या देवापुढे दिवा लावायचं बंद केलं. नऊ वर्षं. मी त्या घराकडे जाणारी वाटच सोडली होती, त्यामुळे ती असल्या गटात आहे हेही मला ठाऊक नव्हतं.

घरी आल्याच्या चौथ्या दिवशी काठी टेकत ती दारात उभी राहिली.

“मामा, हाय का घरात? बोलता येत न्हाई तर खोका तरी!”

मी भिंतीकडे तोंड केलं. माझी बायको गोदावरी तिला हात धरून आत घेऊन आली. शेवंता खाटेशी बसली, विचारून माझ्या डोक्यावरून बोट फिरवलं. “किती टाके?”

गोदावरी म्हणाली, “अठ्ठावीस.”

“मला एकतीस. म्हंजे ह्यात मी मोठी. आता माझं ऐकायचं.”

तिने ऐकायलाच लावलं. फिटची गोळी चुकवायची नाही, बरं वाटलं म्हणून तर मुळीच नाही, हे तिने गोदावरीकडून तीनदा वदवून घेतलं. दुपारी झोप आली तर झोपायचं, लाज नाही. सूज उतरवणाऱ्या गोळीने वाघासारखी भूक लागते आणि कारण नसताना राग येतो, ते औषधाचं आहे, माणसाचं नाही. गोदावरी म्हणाली, “ह्येंचा राग चाळीस वर्सांचा हाय गं, कुठल्या गोळीचा म्हनू?” दोघी इतक्या हसल्या की मला भिंतीकडून तोंड फिरवावं लागलं.

हातासाठी नाचणीच्या पिठाचा गोळा दिला, दिवसभर दाबायला. आणि शब्दांसाठी तिने जे केलं ते मी कुठल्याही दवाखान्यात पाहिलं नाही. ती मला चालायला न्यायची. माझ्या डाव्या हातात काठी, उजव्या खांद्यावर तिचा हात, आणि दर दहा पावलांवर एकच प्रश्न.

“मामा, समोर काय हाय?”

तिला दिसत नव्हतं. खरंच हवं होतं तिला ते. मी सांगितलं नाही तर ती ठेचकाळली असती. डॉक्टरांनी घड्याळ दाखवलं तेव्हा त्यांना घड्याळ माहीत होतं. हिला माहीत नव्हतं. त्यामुळे मला शब्द आणावाच लागायचा.

“ते… शेपटीचं,” मी एकदा झाडाकडे बघून म्हणालो.

“अख्खं रान शेपटीचंच हाय, मामा! बैल, वाघ, का तुमचा जावई?”

“वा… वानर!”

वानर! तो शब्द तोंडातून उडाला आणि मी त्या वाटेवर लहान पोरासारखा ओरडलो. “वानर! वानर!” वानर पळालं. ती टाळ्या वाजवत होती.

पहिल्या आठवड्यात दारापर्यंत. मग विहिरीपर्यंत. मग ओढ्यापर्यंत. वाडीच्या वरच्या अंगाला एक काळा कातळ आहे, तिथेच फक्त मोबाइलला रेंज येते. आम्ही त्याला टॉवरचा दगड म्हणतो. तिथपर्यंत चढायला मला सात आठवडे लागले. पावसात तिथे पायाला जळवा लागायच्या आणि शेवंता म्हणायची, “लागू दे, पायाला कळतंय म्हंजे पाय चांगला हाय.”

रविवारी दुपारी त्या दगडावर गट भरायचा. एक दांडेलीची शिक्षिका होती, आणखी चारपाच जण होते, आणि खानापूरकडचे एक निवृत्त बस कंडक्टर. ऑपरेशननंतर दोन महिने त्यांना एकच वाक्य येत होतं, “पुढं चला, पुढं चला.” बायकोने जेवायला बोलावलं तरी ‘पुढं चला’, डॉक्टरांनी नाव विचारलं तरी ‘पुढं चला’! आता सगळं बोलत होते, आणि कुणी अडखळलं की मुद्दाम तेच म्हणायचे. गटाचा एकच नियम होता. औषध डॉक्टर सांगतील, आपण फक्त आपल्याला झालेलं सांगायचं.

आपल्याला झालेलं. ते ऐकलं की मी फोन शेवंताच्या हातात द्यायचो. शब्द परत येत होते, आणि जो शब्द येईल तो मला तिच्यासमोर ठेवावा लागत होता. ओढा, खेकडा, कातळ, भाताची लोंबी. एकच सांगायचं राहत होतं. शब्द नव्हते तोवर मला सबब होती. सुगी सरली, भात घरात आलं, आणि सबब संपली.

एका दुपारी दगडावर आम्ही दोघंच होतो. तिने विचारलं, “मामा, समोर काय हाय?”

मी म्हणालो, “खोटं हाय.” आणि सगळं सांगितलं. कौल, उजवी पाकळी, ढोल, विटाळ. अडखळत, चुकत, पण सगळं.

ती उठली, काठी चाचपली आणि उतार उतरायला लागली. मी मागे निघालो तर म्हणाली, “येऊ नका. माझी वाट मला ठावी हाय.”

दहा दिवस ती आली नाही. गोदावरीला मी त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. तिने ताट वाढलं, पण माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या रविवारी मी एकटाच दगडावर गेलो, तर शेवंता आधीच तिथे बसलेली होती. फोन लावलेला होता, गट ऐकत होता.

“मामा,” ती म्हणाली, “डावा कौल तुमी समद्यांसमोर सांगितला व्हता. खरं मातर माझ्या एकटीच्या कानात व्हय? माझी नजर गेली, ती तुमी आनून देऊ शकत न्हाई. माझं नाव देऊ शकता. मांडावर सांगा. गाऱ्हाण्यात.”

मी म्हणालो, “तिथं अडकलो तर? अर्धवट राहिलं तर?”

“म्हनून तर ह्ये सगळे हायत.” ती फोनकडे वळली. “ऐकलं न्हवं? म्हाताऱ्याकडनं घोकून घ्यायचं हाय. शिगम्यापर्यंत.”

शेवंताने त्यांना सगळं आधीच सांगितलं होतं. मग कंडक्टर म्हणाले, “अज्जा, तुम्ही केलंत ते वाईटच. पण पुढं चला. पहिल्या देवापासनं सुरू करा.”

मग काय सांगू तुम्हाला! दर रविवारी मी त्या कातळावर उभा राहून गाऱ्हाणं घालायचो आणि बेळगाव, दांडेली, खानापूरहून डोक्यावर टाके पडलेली माणसं फोनमधून ‘व्हय म्हाराजा’ ओरडायची. डॉक्टरीणबाईंचं खरं ठरलं, पाठ असलेलं आधी परत आलं. देवांची नावं एकेक करून घरी आली. चौथा देवही आला. शिक्षिकाबाई म्हणायच्या, घाई करू नका, श्वास घ्या. पण पाकळीच्या वाक्याशी मी दर वेळी अडकायचो. नेमका तोच शब्द हरवायचा, उजवी.

शिगम्याच्या पहिल्या दिवशी मांड सारवला होता, समई ठेवली होती. नागेशच्या गळ्यात ढोल होता. त्याला शेवंताने आधीच सांगितलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. बायका एका बाजूला बसल्या होत्या, शेवंता त्यांच्या कडेला, सासूपासून लांब.

मी देवांची नावं घेतली. एकही चुकलं नाही! प्रत्येक नावाला वाडी दणदणीत उत्तर देत होती. मग म्हणालो, “म्हाराजा, दहा वर्षांमागं ह्या लेकीसाठी तुझा कौल घेतला.”

“व्हय म्हाराजा!”

“म्हाराजा, कौलाला पाकळी पडली.”

“व्हय म्हाराजा!”

“पाकळी पडली ती…”

गेला. शब्द गेला. सगळी वाडी माझ्या तोंडाकडे बघत होती. कानशिलातल्या टाक्यांच्या जागी ठोके पडत होते. मी डोळे मिटले. पुढं चला, पुढं चला. आणि मग माझा उजवा हात वर गेला. ज्या हाताने कोयता टाकला होता, जो महिनोन्‌महिने पिठाचा गोळा दाबत बसला होता, तो हात सरळ खांद्याच्या वर गेला आणि तिथेच राहिला.

“ह्या अंगाला पडली,” मी म्हणालो. “तू ‘जा’ म्हणालास. मी बाहेर येऊन ‘डावा’ सांगितलं. ढोलासाठी. ह्या घरात विटाळ नव्हता. विटाळ माझ्या जिभेला होता.”

कुणीही ‘व्हय’ म्हणालं नाही. ढोलावर हात ठेवून नागेश खाली बघत होता. 

मग बायकांच्या बाजूने एकच आवाज आला. “व्हय म्हाराजा.” शेवंताचा. आणि त्यामागून हळूहळू सगळ्यांचा.

मी हात खाली घेतला नव्हता. तिने तिथूनच विचारलं, जसं रोज वाटेवर विचारते तसं, “मामा, समोर काय हाय?”

मी सांगितलं. “समई हाय. तेल घातलेली. वात अजून लावलेली न्हाई. तुझी सासू उठलीय. ती तुझ्याकडं येतेय. तिनं तुझा हात धरला.” ते तिला कळलंच होतं, पण मी थांबलो नाही. “तिच्या हातात काड्यापेटी हाय. ती तुला देतेय.”

त्या वर्षीची समई शेवंताने लावली.

बुदवंतपण मी त्याच दिवशी मांडावर ठेवलं. पंचांनी ते घेतलं, आणि बरं केलं. आजाऱ्याला शीव नाही, असं तिथेच ठरलं. चौथ्या दिवशी वाडीतल्या एका म्हाताऱ्याच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा कौल न लावता जीप निघाली. नागेशच चालवत होता. मांड मोडला नाही.

शेवंताने मला माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही. तीही बोललेली नाही. पण दुसऱ्या रविवारी ती दारात हजर होती. “मामा, चला. आज नवीन बाई येनार हाय फोनवर. परवाच ऑपरेशन झालंय, लई घाबरलीय. तुमी बोलायचं तिच्याशी.”

डॉक्टरीणबाईंनी माझा जीव वाचवला, सिस्टरांनी माझ्या मागे माणसं उभी केली, गोदावरीने वेळेवर गोळ्या भरवल्या. त्या सगळ्यांचे उपकार आहेत. पण ज्या बाईचे डोळे मी घालवले तिने माझे शब्द मला एकेक करून परत दिले. ते मी कुठे वापरतो आहे, याचा हिशेब मला रोज द्यायचा आहे. तुमच्या घरात असा कागद आला असेल तर आधी दवाखाना गाठा, दिवस घालवू नका. आणि बरे व्हाल तेव्हा पुढच्या माणसाशी बोला.

मी काठी घेतली. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. ओढा ओलांडला की चढ लागतो, हे तिला सांगायचं होतं. उजवीकडून, मी म्हणालो, उजवीकडून ये. शब्द आपसूक आला.